‘आगीला हद्द नसते’ म्हणून काय झालं?

मुंबईच्या आसपासच्या शहरांत कुठे मोठी आग लागली की ती पुरती विझायच्या आत एक ठरलेला वाद सुरू होतो. 23 मे 2024 रोजी डोंबिवलीच्या एमआयडीसीत रासायनिक कारखान्यात स्फोट झाला, शेजारच्या शहरांतून बंब धावून आले आणि त्यांच्या मागोमाग तो वादही आला. एक बाजू म्हणते, महानगर प्रदेशातल्या नऊ महापालिकांची अग्निशमन दलं वेगळी, नगरपालिकांची वेगळी, एमआयडीसीची वेगळी, हा काय खेळ चालवलाय? आगीला हद्द नसते. सगळी दलं मोडा आणि एकच मोठं दल उभं करा. दुसरी बाजू म्हणते, आमच्या शहराचा बंब आमच्याच ताब्यात हवा. मुंबईत बसलेल्या साहेबाला आमच्या चाळीमागची बोळ कशी ठाऊक असणार? दोघंही तावातावाने बोलतात. पण नीट ऐकलं तर दोघांच्या मनात प्रश्न एकच असतो: बंब कुणाच्या मालकीचा?

मला हा प्रश्न दुय्यम वाटतो. आगीची वर्दी कोण घेतो आणि किती लवकर पुढे देतो, पहिली गाडी किती मिनिटांत पोहोचलीच पाहिजे, रस्त्यावरच्या हायड्रंटला, म्हणजे बंबाने पाणी घ्यायच्या नळाला, पाणी ठेवायची जबाबदारी कुणाची, शेजारच्या हद्दीत धावून जाणं हा उपकार की कर्तव्य, या गोष्टी जोवर प्रत्येक शहराच्या मर्जीवर आहेत तोवर दलं नऊ असली काय आणि एक असलं काय, फारसा फरक पडणार नाही. उलट या गोष्टी मर्जीच्या बाहेर काढल्या, म्हणजे कायद्याने बांधून दिल्या आणि त्यांवर बाहेरचा तपासनीस नेमला, तर मालकी स्थानिक राहिली तरी बिघडत नाही. ही निव्वळ कल्पना नाही. लंडनच्या उपनगरांनी 1938 ते 1965 या सत्तावीस वर्षांत चारही व्यवस्था वापरून पाहिल्या: प्रत्येक गावाचं दल, अख्ख्या देशाचं एक दल, काउंटीचं, म्हणजे जिल्ह्याचं, दल आणि शेवटी महानगराचं दल. एवढ्या कमी काळात एकाच भूभागावर, बऱ्याच अंशी त्याच माणसांवर आणि त्याच इमारतींवर झालेला असा प्रयोग दुसरा मला माहीत नाही. आपल्या वादात त्याचं नावही कुणी घेत नाही.

तो भूभाग म्हणजे मिडलसेक्स काउंटी. लंडनच्या उत्तरेला आणि पश्चिमेला पसरलेली: ईलिंग, ॲक्टन, वेम्ब्ली, हॅरो, हेंडन, ट्विकनहॅम, टॉटनहॅम, एनफील्ड. रेल्वेचे रूळ पुढे सरकत गेले तशी शेतं गेली आणि जोडघरांच्या रांगा उभ्या राहिल्या. 1921 साली या काउंटीत साधारण साडेबारा लाख माणसं होती. 1951 साली साडेबावीस लाखांच्या वर. ठाणे, कल्याण, वसई, पनवेल पाहिलेल्या माणसाला हा वेग समजावून सांगायला नको. खुद्द लंडनमध्ये, म्हणजे तेव्हाच्या लंडन काउंटी कौन्सिलच्या हद्दीत, 1866 पासून सार्वजनिक खर्चाने चालणारं पगारी दल होतं, जगात नावाजलेलं. पण हद्दीची रेघ ओलांडली की सगळी भाऊगर्दी. प्रत्येक बरोचं किंवा अर्बन डिस्ट्रिक्टचं, म्हणजे तिथल्या नगरपालिकेचं, आपापलं दल. कुणाकडे पगारी जवान आणि चकचकीत मोटारपंप, तर कुणाकडे दुकान किंवा कारखाना सोडून धावत येणारी अर्धवेळ माणसं आणि एखादी म्हातारी गाडी. आणि हेही सक्तीचं नव्हतं. 1938 चा कायदा येईपर्यंत लंडनबाहेर आग विझवणं हे कुठल्याही स्थानिक संस्थेचं बंधनकारक कामच नव्हतं. करायचं तर करा, एवढीच मुभा. शेजारच्या हद्दीत गाडी पाठवली तर झालेला खर्च जळालेल्या घराच्या मालकाकडून वसूल करायची सोय 1847 च्या एका कायद्यात होती. घर जळून गेल्यावर बिल हातात, ही कल्पना आज क्रूर वाटते, पण त्या काळच्या कौन्सिलला ती न्याय्य वाटायची: आमच्या करदात्यांच्या पैशावर शेजाऱ्याचं घर का विझवायचं? आपल्याकडेही हद्दीच्या पलीकडे गाडी पाठवताना मनात येणारा विचार फार वेगळा असेल असं वाटत नाही.

इथे एकत्रीकरणवाल्यांना आनंद होईल. थांबा. नोव्हेंबर 1935 मध्ये विम्पोल स्ट्रीटवर एका घराला आग लागली आणि पाच बायका मेल्या. हा भाग उपनगरात नाही, मध्य लंडनमध्ये आहे. तिथे एकच, मोठं, सुसज्ज दल होतं, म्हणजे आज आपण मागतो आहोत तसंच. शेजाऱ्याने फोन उचलून एक्स्चेंजला सांगायचा प्रयत्न केला, पण त्याचा फोन इतर साध्यासुध्या फोनांच्या रांगेत अडकून राहिला. त्याने संतापून वर्तमानपत्राला पत्र लिहिलं, चौकशी झाली आणि 30 जून 1937 रोजी लंडनमध्ये 999 हा क्रमांक सुरू झाला. तो फिरवला की एक्स्चेंजमध्ये दिवा लागायचा, भोंगा वाजायचा, आणि हा फोन रांगेतून वर यायचा. दलाच्या मालकीत काडीचाही बदल न करता केलेली ही सुधारणा. त्या रात्री कमी पडला तो फोन आणि फायर स्टेशन यांच्यामधला दुवा. बंब नव्हे.

मग युद्ध आलं. 7 सप्टेंबर 1940 पासून लंडनवर लागोपाठ 57 रात्री बॉम्ब पडले. 1938 च्या कायद्याने दलं ठेवणं सक्तीचं केलं होतं, स्वयंसेवकांचं सहायक दलही उभं झालं होतं, पण देशभरात दलं होती चौदाशेंहून अधिक आणि त्यांच्या सवयी तितक्याच. जळत्या शहराच्या मदतीला दुसऱ्या गावाचं पथक पोहोचायचं आणि त्याच्या होजचं कपलिंग तिथल्या हायड्रंटला बसायचं नाही. एकाकडे आट्यांचं, दुसऱ्याकडे खटकन बसणारं. समोर आग, पायाखाली पाण्याची मुख्य वाहिनी, हातात होज आणि मधे पितळेचं दोन बोटांचं अंतर. ॲडॅप्टर सापडला तर ठीक. त्यावर हुकूम कुणाचा चालायचा हा घोळ वेगळाच: बाहेरून आलेल्या पथकाने स्थानिक प्रमुखाचं ऐकायचं की आपल्या? 1941 च्या वसंतात प्लिमथसारख्या बंदरांवर हल्ले झाले तेव्हा हे सगळं उघडं पडलं. गृहमंत्री हर्बर्ट मॉरिसन यांनी काही आठवड्यांत कायदा आणला आणि 18 ऑगस्ट 1941 पासून सगळी दलं विलीन करून एकच राष्ट्रीय अग्निशमन सेवा सुरू झाली. एका देशाचं एक दल. आपल्या पहिल्या बाजूचं स्वप्न अक्षरशः अमलात आलं.

त्याने काय साधलं? बरंच. होजची जोडणी एकसारखी झाली, हुद्दे एक झाले, कवायत एक झाली, हुकमाची साखळी स्पष्ट झाली. अडीच इंची, खटकन बसणारी जोडणी देशभर रुळली. आपल्या बंबांवर आज जी 63 मिलिमीटरची जोडणी दिसते आणि जिला भारतीय मानक आहे, ती याच घराण्यातली. दहिसरच्या गाडीचा होज भाईंदरच्या गाडीला बसतो याचं श्रेय कुठल्याही महापालिकेला जात नाही. ते जातं या विषयातलं शहराचं स्वातंत्र्य फार आधी काढून घेणाऱ्यांना.

आणि काय बिघडलं? तेही सांगायला हवं, कारण दुसऱ्या बाजूचा सगळ्यात भक्कम मुद्दा इथेच आहे. राष्ट्रीय दलाला माणूस म्हणजे पटावरचं प्यादं वाटू लागलं. 1944 साली फ्रान्सवरच्या स्वारीच्या तयारीत हजारो जवान आणि गाड्या देशाच्या इतर भागांतून दक्षिण किनाऱ्याकडे हलवण्यात आल्या. युद्धाची गरज म्हणून ते समजण्यासारखं आहे. पण ज्याला गल्ल्या माहीत, पाण्याचे व्हॉल्व्ह माहीत, कुठल्या गोदामात रंगाचे डबे आहेत ते माहीत, असा माणूस उचलून अनोळखी गावात नेऊन ठेवायचा, ही त्या व्यवस्थेची प्रवृत्तीच होती. मोठ्या दलाला बदल्या आवडतात. आपल्याकडच्या बदल्यांचं अर्थशास्त्र ज्यांना माहीत आहे त्यांना स्थानिकवाल्यांची भीती कळेल. मलाही ती खरी वाटते.

पण स्थानिक माहिती नेमकी राहते कुठे? महापौरांच्या दालनात नाही, स्थायी समितीच्या बैठकीत तर नाहीच. ती राहते फायर स्टेशनात, तिथे वर्षानुवर्षं पाळी करणाऱ्या ड्रायव्हरच्या आणि लीडिंग फायरमनच्या डोक्यात. स्टेशन जागेवर ठेवलं, माणसं जागेवर ठेवली, तर वरच्या पाटीवर कुणाचं नाव आहे याने ती माहिती पुसली जात नाही. 1948 नंतरच्या मिडलसेक्सने हेच दाखवलं.

1948 कसं आलं, त्यातही एक गंमत आहे. मॉरिसन यांनी राष्ट्रीयीकरण करताना शब्द दिला होता की युद्ध संपलं की दलं पुन्हा स्थानिक संस्थांकडे जातील. बरोंनी त्याचा अर्थ सरळ घेतला: आमचं ते आम्हाला परत. युद्ध संपलं, सरकार बदललं आणि 1947 चा कायदा आणला गृहमंत्री जेम्स च्यूटर ईड यांनी. दलं परत गेली खरी, पण बरोंकडे नाही. काउंटी आणि मोठ्या शहरांकडे. चौदाशेंची दीडशेच्या आसपास झाली. ईलिंग, वेम्ब्ली, हेंडन अशा बरोंना फसवणूक वाटली आणि मला त्यांचा राग समजतो. दिलेला शब्द कायद्याच्या भाषेत पाळून अर्थाने मोडायचा हा प्रकार राजकारण्यांना सगळीकडे जमतो. पण ईड यांच्याबद्दल एक गोष्ट विसरता येत नाही. हे गृहस्थ स्वतः लंडनच्या दक्षिणेकडच्या एप्सम-यूएल या उपनगरी बरोचे पहिले महापौर होते आणि त्याआधी सरे काउंटी कौन्सिलचे अध्यक्ष. उपनगराचा अभिमान आणि उपनगराची ऐपत, दोन्ही त्यांनी आतून पाहिली होती. 1 एप्रिल 1948 रोजी मिडलसेक्स काउंटीचं एकच अग्निशमन दल कामाला लागलं. केंद्रं बहुतेक तीच, माणसं बहुतेक तीच.

बदललं ते कायद्यातलं कलमांचं जाळं. दल ठेवणं हे कर्तव्य. शेजारच्या दलाला कुमक पाठवण्याची योजना आधीच लेखी करून ठेवणं हेही कर्तव्य, आग लागल्यावर फोनाफोनी करून नव्हे. पुरेसं पाणी उपलब्ध आहे की नाही हे पाहण्याची जबाबदारी दल चालवणाऱ्या संस्थेवर. आग लागू नये म्हणून इमारतवाल्यांनी सल्ला मागितला तर तो देण्याची सोय ठेवणं हेही कामात मोडू लागलं. हुद्दे, नेमणूक, शिस्त यांचे नियम देशभर सारखे. आणि या सगळ्यावर गृहखात्याचे तपासनीस, जे मिडलसेक्सच्या पगारावर नव्हते. शिवाय प्रत्येक भागाची धोक्याप्रमाणे प्रतवारी करून पहिली गाडी किती वेळात पोहोचावी याचे देशभर लागू असलेले निकष होते. युद्धाच्या अखेरीस ठरवलेले, 1958 मध्ये पुन्हा तपासलेले. दाट व्यापारी भागाला पाच मिनिटांत दोन गाड्या. उपनगरी घरांच्या वस्तीला एक गाडी, दहा मिनिटांच्या आत. खेड्याला वीस मिनिटं.

हे निकष आदर्श होते असं मी म्हणणार नाही. रात्री दोन वाजता रिकाम्या पडलेल्या कचेऱ्यांना पाच मिनिटांत दोन गाड्या, आणि झोपलेल्या कुटुंबाला दहा मिनिटांत एक? निकष ठरवणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर इमारतीची किंमत आणि आग पसरण्याची शक्यता होती, माणसाचा जीव त्या मानाने मागे. हा दोष दूर व्हायला एकविसावं शतक उजाडावं लागलं. तरीही, दोष दिसला तो आकडा लिहिलेला होता म्हणून. ‘शक्य तितक्या लवकर पोहोचू’ असं लिहिलं असतं तर त्यात चूक कुणी कशी काढली असती?

8 ऑक्टोबर 1952 ची सकाळ. मिडलसेक्समधलं हॅरो अँड वील्डस्टोन स्टेशन, सव्वाआठची वेळ, फलाटावर लंडनला कामाला निघालेली गर्दी. पर्थहून रात्रभर धावत आलेली एक्स्प्रेस सिग्नल ओलांडून उभ्या लोकलवर मागून आदळली आणि काही क्षणांत समोरून येणारी दुसरी एक्स्प्रेस त्या ढिगाऱ्यात घुसली. 112 माणसं गेली. आग जवळपास नाहीच; होता तो एकावर एक चढलेल्या डब्यांचा लोखंडी डोंगर आणि त्यात अडकलेली जिवंत माणसं. मिडलसेक्सचे जवान, रुग्णवाहिका, पोलीस, रेल्वेचे कामगार असे सगळे तिथे जुंपले. जवळच्या अमेरिकी हवाई तळावरून वैद्यकीय पथक आलं. त्यातली ॲबी स्वीटवाइन ही नर्स कुठल्या जखमीवर उपचार झाले आहेत हे कळावं म्हणून लिपस्टिकने त्यांच्या कपाळावर खूण करत होती, कारण तशी खूण करायची काही ठरलेली पद्धतच तिथे नव्हती. दवाखान्यात पाठवण्याआधी फलाटावरच उपचार आणि निवड करायची, ही त्या पथकाची रीत पुढे ब्रिटिश आपत्कालीन सेवांनी अभ्यासली आणि स्वीकारली. ही रीत परदेशी सैन्याकडून आली, काउंटीच्या दलाकडून नाही, हे लक्षात घ्या. चांगली पद्धत कुठूनही येते. ती सगळ्यांपर्यंत पोहोचवणारी यंत्रणा आहे का, एवढंच विचारायचं असतं.

त्या यंत्रणेचा आणखी एक पुरावा मिडलसेक्सच्या हद्दीबाहेरचा आहे. जानेवारी 1958 मध्ये लंडनच्या स्मिथफील्ड मांसबाजाराच्या तळघराला आग लागली. तळघर म्हणजे शीतगृहांचं चक्रव्यूह, दाट काळा धूर, आणि ऑक्सिजनचा पुरवठा पाठीवर घेऊन आत गेलेले दोन जवान परतलेच नाहीत. कोण केव्हा आत गेला, त्याच्याकडे किती मिनिटांचा पुरवठा उरला, याचा हिशेब दारावर ठेवायची पक्की पद्धत तेव्हा नव्हती. त्यानंतर ती आली: आत जाणाऱ्याने आपला बिल्ला दारावरच्या माणसाकडे द्यायचा, त्याने फळ्यावर वेळ मांडायची, वेळ संपत आली की शोधपथक पाठवायचं. आणि ती फक्त लंडनपुरती आली नाही, देशभर लागू झाली. मिडलसेक्सचा जवान लंडनच्या दलात नव्हता. सात वर्षांनी जाणार होता. तरी त्याच्या छातीवर तोच बिल्ला आला. विलीनीकरण न होता जे पोहोचलं ते हे.

1 एप्रिल 1965 रोजी ग्रेटर लंडन कौन्सिल अस्तित्वात आली आणि मिडलसेक्सचं दल, क्रॉयडन, ईस्ट हॅम आणि वेस्ट हॅमच्या दलांसह, लंडनच्या दलात विरघळलं. सतरा वर्षांचं आयुष्य. जुने जवान हळहळले. पण मला त्यात महत्त्वाचं वाटतं ते हे की फारसा गोंधळ न होता ते झालं, कारण होज, हुद्दे, कवायत, प्रतवारी सगळं आधीच एक होतं. एकत्रीकरणाची खरी मेहनत 1941 ते 1948 मध्ये झाली होती. 1965 ला फक्त पाट्या बदलल्या.

आता आपल्याकडे या. लंडनने 1965 ला जे केलं ते मुंबईने आधीच केलं होतं, आणि दोन हप्त्यांत. 15 एप्रिल 1950 ला वांद्रे, कुर्ला, अंधेरी, घाटकोपर ही उपनगरं महापालिकेत आली, आणि 1 फेब्रुवारी 1957 ला हद्द थेट दहिसर आणि मुलुंडपर्यंत गेली. मुंबईच्या दलाची प्रतिष्ठाही मोठी होती. 14 एप्रिल 1944 ला गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ जहाजाचा स्फोट झाला तेव्हा 66 अग्निशामकांनी प्राण दिले. त्यांच्या स्मरणार्थ देशभर दरवर्षी 14 एप्रिलपासून अग्निशमन सप्ताह पाळला जातो. अशा दलात सामील व्हायला कुठलं उपनगर नाही म्हणेल? पण मग एकत्रीकरणवाल्यांनी या साध्या प्रश्नाचं उत्तर द्यावं: एक मोठं दल हेच उत्तर असेल तर मुंबईच्या हद्दीत, त्याच एका दलाच्या अखत्यारीत, 2017 ला कमला मिलमध्ये 14 जीव का गेले? 2018 ला अंधेरीच्या कामगार रुग्णालयात, 2023 ला गोरेगावच्या पुनर्वसन इमारतीत माणसं धुराने का गुदमरली? बंब मुंबईचेच होते की. तिथे कमी पडले ते जिने, दारं, वायरिंग आणि तपासणी. मोठ्या दलानेच जीव वाचत असते तर या तीन जागा सगळ्यात सुरक्षित असायला हव्या होत्या. शिवाय हद्द वाढवून प्रश्न सुटत असेल तर तो 1957 लाच सुटायला हवा होता. झालं एवढंच की वस्ती हद्दीच्या पुढे गेली आणि रेघ दहिसर-मुलुंडला जाऊन पुन्हा उभी राहिली. उद्या ती पालघर-कर्जतला नेली तर लोक त्याच्याही पुढे राहायला जातील.

स्थानिकवाल्यांनाही मोकळं सोडता येणार नाही. त्यांचा लाडका युक्तिवाद उत्तरदायित्वाचा: आमचा नगरसेवक आम्हाला सापडतो, लांबचा अधिकारी नाही. रस्त्याच्या खड्ड्याबाबत हे खरं आहे, कारण खड्डा रोज दिसतो. आग एका प्रभागात कित्येक वर्षांतून एकदा लागते. जी गोष्ट मतदाराच्या मनात निवडणुकीच्या वेळी नसते तिच्यावर नगरसेवक पैसा का घालेल? युद्धापूर्वीच्या उपनगरांनी हेच सिद्ध केलं. तिथे उत्तरदायित्व अगदी हाताच्या अंतरावर होतं, दल चालवणारी कमिटी चर्चमध्ये शेजारच्या बाकावर बसायची, आणि तरी श्रीमंत बरोचा पंप नवा आणि गरीब बरोचा जुना. अमेरिकेचं उदाहरण देणारेही भेटतात. लाँग आयलंडच्या नासाऊ काउंटीत आजही स्वयंसेवकांची सत्तरच्या आसपास दलं आहेत, अभिमानाने चालतात. कबूल. पण स्वयंसेवक भोंगा वाजल्यावर येतो, म्हणजे तो दिवसा गावात असावा लागतो. सकाळी सात-बाराची लोकल पकडून रात्री नऊला घरी येणाऱ्या बदलापूरच्या माणसाला कुणी स्वयंसेवक फायरमन करून दाखवावा! कॅलिफोर्नियातल्या लेकवूड या उपनगराने 1954 साली शहराचा दर्जा घेतला तेव्हा स्वतःचं दल उभं करायचा हट्टच धरला नाही. अग्निशमन, पोलीस अशा सेवा काउंटीकडूनच घ्यायच्या ठरवल्या. शहराची अस्मिता बंबावर अवलंबून नसते, हे त्यांना पहिल्याच दिवशी कळलं होतं.

तेव्हा करायचं काय? राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीत अग्निशमन सेवा नगरपालिकांच्या कामांत आहे. 1992 च्या 74 व्या दुरुस्तीने ती तिथे घातली. म्हणजे दलं मोडून एक करण्याची लढाई राजकीय आहे, लांबणारी आहे, आणि ती संपेपर्यंत आगी थांबणार नाहीत. पण निकष बांधायला, कुमक योजना लेखी करायला, वर्दी घेणारे नियंत्रण कक्ष एकमेकांना जोडायला दलं मोडावी लागत नाहीत. दहिसर चेकनाक्याच्या पलीकडे आग लागली आणि सगळ्यात जवळची गाडी मुंबईची असली, तर ती निघायला कुणाची परवानगी लागू नये; जवळचा बंब आधी, हिशेब मागून. पहिली गाडी किती मिनिटांत पोहोचावी याचे आकडे केंद्राच्या स्थायी अग्निशमन सल्लागार समितीने केव्हाच सुचवले आहेत: शहरात तीन ते पाच मिनिटं, ग्रामीण भागात वीस. सुचवले आहेत, एवढंच.

राज्याचा 2006 चा आगप्रतिबंधक कायदा आपल्या सोसायटीच्या सेक्रेटरीकडून दर जानेवारीत आणि जुलैत बी फॉर्म मागतो: यंत्रणा चालू आहे, पंप चालू आहे, सही करा. तसं सहामाही प्रमाणपत्र महापालिकेकडून कुणी मागत नाही. हद्दीतले किती हायड्रंट चालू आहेत, गेल्या सहा महिन्यांत किती वर्द्यांना पहिली गाडी मुदतीत पोहोचली, फायरमनच्या किती जागा रिकाम्या आहेत, हे एका पानावर, प्रभागवार, राज्याच्या तपासनिसाच्या सहीने. पैसा नाही म्हणावं तर पंधराव्या वित्त आयोगाच्या शिफारशीवरून केंद्राने देशभरातल्या अग्निशमन सेवांसाठी 5,000 कोटी रुपयांची योजना आणली आहे. त्या पैशातून उंच शिडीची गाडी येईल, तिला हार घातला जाईल, पालकमंत्री फीत कापतील. शिडी हवीच, माझा विरोध नाही. पण त्या शिडीच्या गाडीच्या आधी पोहोचणारी साधी गाडी कुठल्या केंद्रातून किती मिनिटांत निघते, याचं पान राज्याने पहिल्या हप्त्याची अट म्हणून मागावं. दोन्ही बाजूंचं भांडण त्यानंतर खुशाल चालू राहू दे.